लक्ष्मी तेवढी आपली, बरवे परके?

चित्रकलेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं मत घरगुती आहे: ‘हे मॉडर्न आर्ट म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ, आपली कला वेगळी, डोळ्यांना कळणारी.’ दुसरं मत शिकलेल्यांचं. त्यांनी पाश्चात्त्य कलेच्या इतिहासातले वाद क्रमानं पाठ केलेले असतात आणि त्यावरून निकाल तयार असतो: ‘पॅरिसमध्ये जे झालं तेच आपल्या चित्रकारांनी पन्नास वर्षांनी केलं.’ एकाला परक्यांचं आलेलं नको, दुसऱ्याला ते फार उशिरा आलं याची लाज. वरवर ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही एकाच समजुतीवर उभी आहेत. ती अशी की कलेतला प्रत्येक वाद ही कुणाची तरी मिळकत असते, तिचा सातबारा युरोपातल्या एखाद्या शहरात निघतो आणि बाकीचे सगळे अतिक्रमण करणारे. पनवेलच्या वाचकाला सातबारा समजावून सांगायला नको. मालकाच्या नावाइतकंच वहिवाटीला महत्त्व असतं, फेरफार होत राहतात आणि कागदावरच्या नोंदीवरून शेतात काय पिकलं ते कळत नाही, हे इथल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. कलेच्या बाबतीत मात्र आपण कागदच वाचत बसतो.

आधी घरगुती मताकडे. पनवेलच्या बाजारपेठेत कुठल्याही जुन्या दुकानात गल्ल्याच्या वर बघा. कमळावर उभी असलेली लक्ष्मी असतेच. तिच्या अंगावर एका बाजूनं उजेड पडतो, साडीच्या निऱ्यांना सावल्या आहेत, दंडाला गोलाई आहे, मागचा देखावा लांब जाता जाता धूसर होतो. ही लक्ष्मी कुणाला परकी वाटत नाही. रोज संध्याकाळी तिला उदबत्ती ओवाळली जाते. पण ही एका बाजूनं येणारी प्रकाशयोजना, हा गोल दंड, ही धूसर होत जाणारी पार्श्वभूमी, हे सगळं युरोपीय अकादमिक वास्तववादाचं देणं आहे. राजा रविवर्मा त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सनला रंगवताना पाहून तैलरंग शिकले. त्यांच्या देवी घरोघरी पोचवणारा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे घाटापलीकडे मळवलीला गेला. यंत्रं जर्मन होती, तंत्रज्ञ जर्मन होते आणि शेवटी छापखान्याची मालकीही फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडेच गेली. रविवर्म्यांचा मोठेपणा यानं कमी होत नाही. पण ‘कळणारं ते आपलं’ हा निकष किती लटका आहे ते यावरून कळतं. कळण्याची सवय लागायलाही दोन पिढ्या लागतात, आणि ती लागली की माल कुठून आला हे माणूस विसरतो. उलट ज्यांना कुणीच परकं म्हणणार नाही त्या पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथ्या उघडा. तिथे सावली नाही, खोली नाही, क्षितिज नाही. कोऱ्या कागदावर सपाट रंगातल्या, मोठ्या डोळ्यांच्या आकृती उभ्या आहेत आणि त्यांच्या भोवतीचा कागद तसाच रिकामा ठेवलेला आहे. आधुनिक चित्रातला सपाटपणा आणि रिकामी जागा पाहून ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्यानं या पोथीपुढे काय म्हणायचं?

हीच गोष्ट शाळेतल्या चित्रकलेची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना पनवेल परिसरातली मुलं दरवर्षी बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही जोर लावतात. त्यात स्थिरचित्र असतं. टेबलावर कापड, कापडाला मुद्दाम पाडलेल्या चुण्या, एक तांब्या, बाजूला वांगं किंवा कांदा. तांब्यावरचा चमकता ठिपका पांढरा सोडायचा आणि वांग्याची सावली कुठल्या बाजूला पडते ते नीट बघायचं. तांब्या, वांगं सगळं घरचं. पण टेबलावर वस्तू मांडून एका जागी बसून त्यांचा उजेड-सावलीचा हिशेब करण्याची ही शिस्त लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमातून मुंबईत आली. 1857 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं आणि तिथे विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवू लागले. म्हणजे ज्याला आपण ‘सरळ साधं चित्र’ म्हणतो तोही एक पाश्चात्त्य वादच आहे. सर्वांत आधी आला आणि सर्वांत खोल मुरला, इतकंच. मग प्रश्न असा की पहिल्याला घरात घेतलं आणि नंतरच्यांना उंबरठ्यावर का अडवलं?

शिकलेल्यांचं मत यापेक्षा अवघड आहे, कारण त्याच्या पाठीशी पुस्तकं आहेत. प्रबोधनकाल, बरोक, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद अशी ही रांग आगगाडीच्या वेळापत्रकासारखी छापलेली असते. पण ही नावं कुठून आली ते तपासलं की वेळापत्रक डगमगायला लागतं. ‘गॉथिक’ ही प्रबोधनकाळातल्या इटालियनांनी रानटी म्हणून दिलेली शिवी. ‘बरोक’ म्हणजे वेडावाकडा मोती. 1874 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत मोने, दगा, रनवार, पिसारो वगैरे मंडळींनी प्रदर्शन भरवलं तेव्हा त्यांनी स्वतःला कुठल्याच वादाचं नाव दिलं नव्हतं. त्यांनी चक्क चित्रकार, शिल्पकार आणि मुद्राचित्रकारांची सहकारी संस्था काढली होती (महाराष्ट्राला हे ऐकून बरं वाटावं), आणि कर्ज झाल्यामुळे ती वर्षअखेर बुडालीही (तेही ओळखीचंच). लुई लरुआ या टीकाकारानं मोनेच्या एका चित्राच्या नावावरून खिल्ली उडवली आणि ‘दृक्प्रत्ययवादी’ हे नाव चिकटलं. दगाला ते कधीच आवडलं नाही. ज्याला या मंडळींचा म्होरक्या समजतात तो माने त्यांच्या आठांपैकी एकाही प्रदर्शनात सामील झाला नाही. ‘फोव’ म्हणजे जंगली श्वापदं, हे नाव 1905 मध्ये लुई वोसेलनं दिलं. तीन वर्षांनी ब्राकच्या चित्रांत त्यालाच ठोकळे दिसले आणि तिथून घनवाद. मराठीत ‘वाद’ या शब्दाचा एक अर्थ भांडण असा आहे, आणि इथे तो चपखल बसतो. ही सगळी भांडणाच्या भरात पडलेली टोपणनावं. त्यांना नंतर कुणीतरी ओळीत उभं केलं.

ओळीत उभं करणाऱ्यांमधला सर्वांत प्रभावी माणूस म्हणजे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा संचालक आल्फ्रेड बार. 1936 मध्ये घनवाद आणि अमूर्त कलेवरच्या प्रदर्शनासाठी त्यानं एक तक्ता केला. वर 1890, खाली 1935. वादांची नावं, एकातून दुसऱ्यात जाणारे बाण, आणि बहुतेक बाण शेवटी अमूर्त कलेच्या दोन प्रवाहांत येऊन मिळतात. आपल्याकडच्या कलाइतिहासाच्या नोट्स या तक्त्याचीच नातवंडं-पतवंडं. पण हा तक्ता नीट बघितला तर त्यात काही नावं लाल चौकटींत आहेत: जपानी मुद्राचित्रं, पश्चिम आशियाची कला, आफ्रिकी शिल्पं, यंत्रांचं सौंदर्य. या चौकटींतून बाण फक्त बाहेर जातात, आत एकही येत नाही. म्हणजे युरोपीय वादांना बाहेरून खतपाणी मिळालं हे बारला मान्य होतं; पण बाहेरच्यांना स्वतःचं पुढचं पाऊल असू शकतं, हे त्याच्या तक्त्यात बसत नव्हतं. त्याच 1936 साली अलिबाग तालुक्यातल्या नागावला चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले. त्यांच्याकडे पुढे येऊच.

त्याआधी उसनवारीचा हिशेब. 1887 मध्ये व्हॅन गॉगनं हिरोशिगेच्या दोन मुद्राचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती केल्या, अगदी चौकट आखून. मोनेच्या जिव्हेर्नीच्या घरात दोनशेहून जास्त जपानी मुद्राचित्रं होती. पिकासोनं 1907 च्या सुमाराला पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि त्याच्या चित्रांतले चेहरे बदलले. कान्डिन्स्कीनं अमूर्ताकडे जाताना थिऑसॉफी वाचली होती; माँड्रियान 1909 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला, आणि त्या सोसायटीचं मुख्य ठाणं मद्रासजवळच्या अड्यारला होतं. उलट दिशेचंही उदाहरण आहे. होकुसाईच्या ज्या ‘महालाटे’वर युरोप लुब्ध झाला तिचा गर्द निळा हा बर्लिनमध्ये शोधलेला प्रशियन ब्लू. जर्मन रंग जपानला गेला, तिथून लाट होऊन फ्रान्सला आला. आता यातला मूळ मालक शोधून दाखवा. व्हॅन गॉगनं घेतलं की ते आत्मसात करणं, पिकासोनं घेतलं की क्रांती, आणि गगनेंद्रनाथ टागोरांनी घनवादाकडे पाहिलं की नक्कल. ब्रिटिश समीक्षक डब्ल्यू. जी. आर्चर यांचा असाच निवाडा घेऊन कलाइतिहासकार पार्थ मित्तर यांनी या दुटप्पीपणाची चांगली चिरफाड केली आहे. खेद याचा की तो निवाडा आपल्याकडे अजूनही साहेबाच्या गैरहजेरीत आपणच वाचून दाखवतो.

‘पण उशीर तर झालाच ना?’ हा पुढचा आक्षेप. कशाला उशीर? डिसेंबर 1922 मध्ये कलकत्त्याला बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यात क्ले आणि कान्डिन्स्की होते. न्यूयॉर्कचं ते म्युझियम त्यानंतर सात वर्षांनी स्थापन झालं. केवळ तारखांचाच खेळ करायचा तर तो असाही करता येतो. पण तो खेळच फुसका आहे. उशीर ही कल्पना गाडी एकाच रुळावरून जाते असं धरल्यावरच संभवते. एका ठिकाणी एक प्रश्न आधी पडतो, दुसऱ्या ठिकाणी तो नंतर पडतो किंवा पडतच नाही. मोनेच्या पिढीपुढे छायाचित्रणानं उभा केलेला पेच होता, हातात 1841 नंतर मिळू लागलेल्या कथलाच्या नळीतले तयार रंग होते आणि गावाबाहेर नेणारी रेल्वे होती. मुंबईच्या चित्रकारापुढचा पेच वेगळा: स्कूलमध्ये हात एका शिस्तीत तयार झालेला, डोळ्यांसमोर दुसऱ्याच आकारांचं जग आणि पोटासाठी नोकरी. उत्तर तपासायचं तर आधी प्रश्न वाचायला हवा.

बरव्यांचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं आहे. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शिंपला, फळ अशा वस्तू एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्या येतात. घड्याळ दिसलं रे दिसलं की आपल्याला साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं आठवतात आणि बरव्यांच्या नावापुढे ‘अतिवास्तववादी’ असा शिक्का बसतो. हा शिक्का चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे चित्रांतच दिसतं. आंद्रे ब्रतोंनं 1924 च्या जाहीरनाम्यात अतिवास्तववादाची जी मांडणी केली तिचा आधार फ्रॉइड होता. स्वप्न, दडपलेली इच्छा, बुद्धीचा पहारा चुकवून आपोआप उमटणारं लेखन हे त्यातले कळीचे मुद्दे. दालीचं 1931 चं ते चित्र वहीच्या उघड्या पानाएवढं आहे, पण त्यात खोल क्षितिज आहे, कातळावर पडलेलं ऊन आहे, प्रत्येक वस्तूला काटेकोर सावली आहे. दाली अकादमिक चित्रकाराची सगळी कसबं वापरतो, कारण अशक्य गोष्ट खरी भासल्याशिवाय धक्का बसत नाही. बरव्यांना धक्का द्यायचाच नाही. त्यांच्या वस्तूंच्या पायाखाली जमीन नसते, डोक्यावर आभाळ नसतं. सपाट, शांत, बहुतेक फिक्या अवकाशात पान एका जागी थांबतं, शिंपला दुसऱ्या जागी, आणि त्या दोघांमधलं अंतर हाच चित्राचा विषय होतो. सत्तरच्या दशकापासून त्यांनी एनॅमल रंग वापरले. दारं आणि खिडक्यांचे गज रंगवायला आपण वापरतो तो हा रंगप्रकार. तो स्वतःहून पसरतो, सपाट वाळतो, कुंचल्याची खूण मिटवून टाकतो. चित्रकाराच्या आवेशाची निशाणी मागे राहू नये असं वाटणाऱ्यालाच हे माध्यम सोयीचं.

ही वृत्ती कुठून आली याचा माग पॅरिसला जाऊन लागत नाही. जे. जे.मधून बाहेर पडल्यावर बरवे 1961 मध्ये बनारसच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागले आणि पुढे मुंबईच्या केंद्रात आले. हातमागाच्या विणकरांना नवे नमुने करून देणारी ही सरकारी केंद्रं. अंबादास, गौतम वाघेला असे किती तरी चित्रकार तिथे पगारावर होते. आपल्या आधुनिक कलेचा इतिहास लिहिताना या हजेरीपटाकडे दुर्लक्ष होतं, कारण तिथे जाहीरनामा कुणी काढला नाही. पण कापडासाठी नमुना करणारा माणूस रोज काय सोडवत असतो? बुट्टी कुठे बसवायची, दोन बुट्ट्यांमध्ये किती जागा सोडायची, बनारसी विणकर जिला जमीन म्हणतात ती किती मोकळी ठेवायची. बुट्टीला सावली नसते. ती क्षितिजावर उभी नसते. ती आणि रिकामी जागा एकमेकींना तोलून धरतात. बरव्यांच्या कॅनव्हासवरचं पान पाहताना हे आठवावं. बनारसमध्ये त्यांनी तांत्रिक प्रतीकंही पाहिली, पाउल क्लेही त्यांना जवळचा होता. हे सगळं त्यांच्या कामात आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. 1990 मध्ये मौजेनं काढलेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये ते आकार, अवकाश, वस्तू यांचा विचार मराठीत करतात, आणि त्या विचाराला कुठल्याही वादाच्या नावाची कुबडी लागत नाही. चित्रकार गायतोंड्यांनीही आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणू दिलं नाही. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. शिक्के नाकारण्याची ही दोघांची सवय त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून आपण मोकळे झालो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे: नक्कल कुणी केलीच नाही की काय? केली, भरपूर केली. पन्नास-साठच्या दशकांत पिकासोसारखे दोन्ही डोळे एका बाजूला काढून घनवादी झालेले चित्रकार मुंबईत कमी नव्हते. पण तितकेच, कदाचित जास्तच, चित्रकार ब्रिटिश जलरंगाची नक्कल करून देवळं आणि घाट रंगवत होते, आणि त्यांना कुणी नकलाकार म्हटलं नाही. नक्कल ही वादाच्या जन्मस्थळावरून ठरत नाही. दुसऱ्याचं उत्तर घेतलं पण प्रश्न घेतलाच नाही, की नक्कल होते. मग ते उत्तर लंडनचं असो, पॅरिसचं असो नाहीतर अजिंठ्याचं. अजिंठ्याच्या डोळ्यांची आणि बोटांची वळणं गिरवून ‘भारतीयत्व’ सिद्ध करणारी चित्रंही आपल्याकडे ढिगानं झाली आहेत.

दुसरा आक्षेप सत्तेचा. हिरोशिगेकडून घेणारा व्हॅन गॉग आणि साहेबाच्या शाळेत बसवलेला मुंबईचा विद्यार्थी यांची बरोबरी कशी करायची? एकानं निवडलं, दुसऱ्यावर लादलं गेलं. हे खरं आहे, आणि कलेतल्या देवघेवीला निव्वळ गोडगोड ‘संगम’ म्हणणाऱ्यांनी ते विसरू नये. पण लादलेल्या गोष्टीचं काय करायचं हे शेवटी करणाऱ्याच्या हातात उरतं, आणि याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर 1891 चे. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि मुलगा जे. जे.ला गेला, पुढे लंडनलाही शिकून आला. पुण्यात 1928 मध्ये उभा राहिलेला ब्राँझचा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचा. शैलीनं करमरकर शंभर टक्के पाश्चात्त्य वास्तववादी. त्या वास्तववादात एक कणही ‘भारतीय’ करण्याचा खटाटोप नाही. आणि तरी सासवण्याच्या त्यांच्या घराच्या अंगणात जी म्हैस बसली आहे ती जगात दुसरीकडे कुठेही होणार नाही. साध्या सिमेंटमध्ये केलेली. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरवर तयार झालेला हात, पण पाहणारा डोळा अष्टागरातला. हे करमरकर नात्यानं बरव्यांचे आजोबा लागत. एकाच तालुक्यातली, एकाच नातेसंबंधातली ही दोन माणसं. एकाला आपण ‘आपला शिल्पकार’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘पाश्चात्त्य प्रभावाखालचा चित्रकार’. शैलीचा उगमच पाहायचा तर हे अगदी उलटं म्हणावं लागेल. कसेल त्याची जमीन हे आपण शेतीच्या बाबतीत कायद्यानं मान्य केलं. कुंचल्याच्या बाबतीत अजून नाही.

मग मुलांना पाश्चात्त्य कलेतले वाद शिकवायचेच नाहीत का? जरूर शिकवावेत, पण वेळापत्रकासारखे नकोत. दृक्प्रत्ययवाद म्हणजे तुटक फटकारे अशी व्याख्या घोकून घेण्यापेक्षा तयार रंगाच्या नळीमुळे चित्रकार घराबाहेर कसा पडला ते सांगावं. घनवादाच्या शेजारी मुखवटा ठेवावा, व्हॅन गॉगच्या शेजारी हिरोशिगे, आणि दालीच्या शेजारी बरवे, म्हणजे साम्य कुठे संपतं ते मुलांना स्वतः दिसेल. स्थिरचित्राच्या तासाला एकदा तांब्या-वांगं तसंच ठेवून, सावली न काढता, फक्त दोहोंमधल्या रिकाम्या जागेचं चित्र काढायला सांगावं. त्याला खर्च शून्य येतो.

मोठ्यांसाठी उपाय आणखी सोपा आहे. दर शनिवारी पळस्पे फाट्यावरून पेण-वडखळमार्गे अलिबाग-नागावच्या किनाऱ्याकडे गाड्यांची रांग लागते, आणि त्यांत पनवेलच्या गाड्या थोड्याथोडक्या नसतात. त्यांपैकी एखादी मांडव्याच्या बाजूला वळवून सासवण्याला करमरकर शिल्पालयात न्या. आधी अंगणातल्या त्या म्हशीच्या पाठीवरून नजर फिरवा, मग नागावला जाऊन समुद्र बघा, आणि परतल्यावर ‘कोरा कॅनव्हास’ वाचायला घ्या. पाश्चात्त्य कोण आणि आपलं कोण, हा वाद त्यानंतर घालू.